यादीतला स्तंभ आणि यादीबाहेरची इमारत

म्हैसुरास बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्या सवडीच्या रविवारी बहुधा श्रीरंगपट्टणास जातो. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा १७९२ साली ज्या किल्ल्यासमोर उतरल्या, तो पाहण्याची ओढ स्वाभाविकच आहे. मात्र टिपू सुलतानाचा राजवाडा कोठे, असे विचारल्यास त्याला जमिनीलगतचे काही अवशेष दाखविले जातात. १७९९ साली किल्ला पडल्यानंतर इंग्रजांनी तो लाल महाल मोडला. त्याचे लाकूड उटकमंडला गेले आणि १८२९ साली पाया घातलेल्या सेंट स्टीफन चर्चच्या छताला लागले. नदीकाठची दरिया दौलत तेवढी वाचली. आर्थर वेलस्ली तेथे राहावयास गेला होता. जेत्याला घर आवडले हेच तिचे संरक्षण ठरले असावे. कायदा नसता वास्तूचे भवितव्य कोणाच्या लहरीवर टांगलेले असते, ते यावरून दिसते.

ब्रिटिश हिंदुस्थानाला असा कायदा लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १९०४ साली मिळाला. म्हैसूर हे संस्थान. त्याला तो लागू नव्हता. येथील गंमत अशी की, कायदा नसला तरी पुराणवस्तूंचे खाते संस्थानात १८८५ पासूनच होते. बी. एल. राइस यांनी गावोगाव हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले आणि सुमारे ९,००० लेख ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या खंडांतून छापून काढले. त्यांच्यामागून आलेल्या आर. नरसिंहाचार यांनी सोमनाथपूरच्या केशव मंदिरासारख्या होयसळ देवळांची बारकाईने वर्णने लिहिली. हे मंदिर बांधविणारा सोमनाथ हा राजा नव्हता, होयसळ राजाचा दंडनायक होता, म्हणजे सरकारी अधिकारीच. आपल्या वाचकांना हे समजून थोडे बरे वाटेल. जतनाचा नियम मात्र संस्थानाने १९२५ साली केला. आधी विद्या आली आणि तिच्यामागून चाळीस वर्षांनी कायदा आला.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरविले. ती स्मारके कोणती, हे मूळ शब्दयोजनेप्रमाणे संसदेने स्वतः कायद्याने सांगावयाचे होते, आणि १९५१ च्या कायद्याने तशी एक लांबलचक यादी केलीही. पण एकेका देवळासाठी संसदेपुढे जाणे कसे परवडावे? १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ‘कायद्याने’ या शब्दाला ‘किंवा कायद्यान्वये’ अशी जोड दिली. दोन शब्दांची ही भर क्षुल्लक वाटते. परंतु तिच्यामुळे घोषणेचा अधिकार सभागृहातून सचिवालयात आला. १९५८ चा कायदा याच पायावर उभा आहे. वास्तू किमान शंभर वर्षांची असावी. सरकारने ती घोषित करण्याचा इरादा राजपत्रात प्रसिद्ध करावा, त्याची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावावी, दोन महिने हरकतींची वाट पाहावी आणि मग अखेरची अधिसूचना काढावी. म्हणजे इमारत नुसती जुनी असून भागत नाही. तिच्या नावाची फाइल कोणीतरी उघडावी लागते.

एकदा नाव चढले की कायदा कठोर होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीवाचून करता येत नाही. श्रीरंगपट्टणासारख्या, किल्ल्याच्या आतच लोकवस्ती असलेल्या गावात हा भार पिढ्यानपिढ्या तेथे राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडतो. त्याच्या कुरकुरीला अज्ञान म्हणून हिणविणे सोपे आहे, न्याय्य नाही.

याच श्रीरंगपट्टणात तटाला जेथे खिंडार पाडले गेले, तेथे वेढ्यात पडलेल्या इंग्रजी सैन्याच्या स्मरणार्थ म्हैसूर सरकारने १९०७ साली एक स्तंभ उभारला. दरिया दौलत आणि टिपूच्या गुंबजाप्रमाणे तोही केंद्राच्या यादीत आहे. असावाही, तोही इतिहासच आहे. पण त्याच्याहून पंधरा वर्षांनी वडील असलेली म्हैसूर शहरातील लॅन्सडाउन इमारत त्या यादीत नव्हती. व्हाइसरॉयच्या भेटीची आठवण म्हणून १८९२ साली ती बांधली गेली. तिच्या कमानींखाली जुन्या पुस्तकांची दुकाने असत, आणि शहराच्या वारशात तिची गणना सर्वजण करीत. १९९२ साली तिने शंभरी गाठली. २५ ऑगस्ट २०१२ रोजी तिचा एक भाग कोसळून चार माणसे दगावली. बडोद्याच्या महाराजांचे नाव मिरविणाऱ्या सयाजीराव रस्त्यावरील देवराज मार्केटचे उत्तरेकडील प्रवेशद्वार २०१६ च्या ऑगस्टमध्ये पडले. दोन्ही जागा बाजाराच्या. १९५८ च्या कायद्याला त्यांच्याविषयी काही म्हणावयाचे नव्हते. डागडुजी करावी की पाडून नवे बांधावे, हा वाद त्यानंतर वर्षानुवर्षे चालला, आणि गाळेधारक मधल्या काळात शहरात जागा शोधीत राहिले.