शाळा अंगणात आली तेव्हा

आमच्याकडे मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची 'बिस्मिल्ला' करतात. नवे कपडे, हातात पाटी, तोंडात बत्तासा आणि पहिले अक्षर. शिक्षण त्या दिवशी सुरू झाले असे सगळे धरून चालतात. माझी अम्मी निरक्षर होती. पण माझी 'बिस्मिल्ला' होण्याआधीच तिने मला चिंचोक्यांवर विसापर्यंत मोजायला शिकवले होते. तरी कुणी विचारले की ती म्हणे, "मेरेकू क्या आता? मास्तर सिखाएंगे."

मित्रहो, 'आम्हाला काय येतंय?' असे म्हणणाऱ्या आईबापांच्या दारापर्यंत शाळा कशी पोहोचली, ती गोष्ट आज सांगायची आहे.

तिची सुरुवात भावनगरला झाली. गिजुभाई बधेका मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसरीबाईंच्या ग्रंथांपर्यंत पोहोचले आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. मुलाला मारू नका, भीती घालू नका, हे त्यांनी शिक्षकांइतकेच पालकांनाही सांगितले. 'आईबाप होणे अवघड आहे' अशा अर्थाचे त्यांचे एक गुजराती पुस्तकच आहे. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

पण माँटेसरीची साधने महाग. ती परवडणार शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांना. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. वय ५३. सोबतीला आल्या ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकलेल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले काही येईनात. तेव्हा या बायांनी आईबापांना बोल लावला नाही. त्या स्वतः वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात शाळा मांडली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हाच पहिला धडा. आई उंबऱ्यातून, कामाच्या रगाड्यातून हे पाहत होती. मूल कसे हाताळावे हे तिला व्याख्यानाशिवाय कळत होते. हीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तिथल्या आईबापांची अडचण वेगळी. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळणार, मुलगा गुरे राखणार. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बहिणीने भावंडाला कडेवर घेऊन यावे. तिचे नाव विकासवाडी. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. पालकांची गरज हा शिक्षणातला अडथळा न मानता तिच्याभोवती शाळा बेतली, हे या दोघींचे मोठेपण.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. १९७५ मध्ये ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज ते गावोगाव आहे. पण अनेकांना तिथली खिचडी तेवढी आठवते. उलट, ज्यांना थोडेफार परवडते ते तीन वर्षांच्या पोराला गळपट्टा बांधून इंग्रजी नर्सरीत पाठवतात आणि फी भरली की आपले काम संपले असे समजतात. अम्मीचेच वाक्य, फक्त पावतीसह.

बोर्डी-कोसबादला महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पाने आणि बिया वापरत. हे मी वाचले तेव्हा अम्मी हयात नव्हती. नाहीतर तिला सांगितले असते, "अम्मी, तुझे चिंचोके हीसुद्धा शाळाच होती."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)