इंजिनाची नाडी कुणाच्या हाती?

वैद्याच्या दारी पोचताच ताप उतरावा, तसे मोटारीचे दुखणे गॅरेजात शिरताच नाहीसे होते, हे आम्ही कामगार पुष्कळदा पाहतो. चालत्या इंजिनाकडूनच नोंद लिहवून घेण्याची युक्ती जेम्स वॅटच्या कारखान्यातील जॉन सदर्नची. १७९६ साली त्याने वाफेच्या दाबाचा आलेख कागदावर उतरवला, आणि मालकांनी ती युक्ती कितीतरी वर्षे गुप्त ठेवली!

पुढे मोटारीतले इंधन व ठिणगी संगणकाच्या ताब्यात गेली, तेव्हा प्रत्येक कंपनीचे सॉकेट निराळे, दोषांक निराळे. कॅलिफोर्नियाने धुरापायी नियम केले आणि १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतील साऱ्या नव्या मोटारींना १६ पिनांचे एकच सॉकेट आले. इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान, ऑक्सिजन-मापकाचा ०.१ ते ०.९ व्होल्टमधला हेलकावा, सारे धावत्या गाडीतच क्षणोक्षणी टिपता येऊ लागले. साठवलेला दोषांक फार तर गल्ली दाखवतो. ही नोंद घर दाखवते.

कंपन्यांनी हे खुषीने दिले, असे मात्र कुणी समजू नये. दुरुस्तीची बाकीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळावी म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांना २०१२ साली कौल द्यावा लागला. २०२० साली बिनतारी नोंदींसाठी पुन्हा मतदान झाले. लोक जिंकले, आणि त्याच महिन्यात कंपन्यांची संघटना कोर्टात गेली.