मोबाईलचं अपडेट अडकलं किंवा गायब झालं तर काय करायचं?

शिरगाव (बदलापूर) : फोनवर ‘नवीन सॉफ्टवेअर अपडेट’ असा मेसेज येतो. डाउनलोड दाबलं की मध्येच अडकतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते अपडेट दिसतच नाही. मग फोन बिघडला म्हणून आपण दुकान गाठतो. पण दोष दरवेळी फोनचा नसतो.

कधी कधी अपडेटच सदोष निघतं आणि कंपनी ते मागे घेते. एप्रिल 2025 मध्ये सॅमसंगने ‘वन यूआय 7’ हे अपडेट काही दिवस थांबवलं होतं. दक्षिण कोरियात काहींचे गॅलेक्सी एस24 फोन अनलॉक होईनात, अशा तक्रारी होत्या. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ते अपडेट कंपनीने सव्वा तासात मागे घेतलं, पण ज्यांच्याकडे आधीच उतरलं होतं ते अडकलेच. म्हणून मोठं अपडेट आल्या दिवशीच टाकायची घाई नको, चार दिवस थांबलं तरी चालतं. लहान सुरक्षा अपडेट मात्र टाळू नका.

अपडेट दिसतंय पण उतरत नसेल तर आधी जागा बघा. चार-पाच जीबी मोकळी लागते, आणि आपले फोन व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंगने भरलेले असतात! तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा, फोन बंद करून चालू करा, चार्जिंग निम्म्याच्या वर असू द्या. रेंज एक-दोन काड्यांची असेल तर वायफायवरच डाउनलोड करा. मागचं अपडेट राहिलं असेल तर आधी तेच येतं, पुढचं नंतर.

फोन जुना असेल तर सेटिंगमध्ये ‘सुरक्षा पॅच’ची तारीख बघा. दोन-तीन वर्षांपूर्वीची तारीख आणि तरी ‘फोन अपडेटेड आहे’ असं येत असेल, तर कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं बंद केलेलं असण्याची शक्यता जास्त. अशा फोनवर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे.

दुकानदार ‘रिसेट मारतो’ म्हणाला तर आधी पिकाचे फोटो, सातबारा, नंबर दुसरीकडे काढून घ्या. रिसेटनंतर फोनमधलं सगळं पुसलं जातं.

आणि ग्रुपवर कोणी अपडेटची एपीके फाइल पाठवली तर हात लावू नका. पीएम किसानच्या नावाने अशाच फाइली फिरवून लोकांची खाती रिकामी केली गेली आहेत. चुकून टाकलीच तर लगेच नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व 1930 ला कळवा.