सम्राटाचं पोर

मंडळी, आमच्या छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही, त्यामुळे प्रवाळातले रंगीत मासे आम्हाला भेटतात ते फोटोतच. आणि फोटोतला रंग जाम फसवतो!

बर्लिनच्या डॉ. ब्लॉखने १७८७ मध्ये निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांच्या एका माशाला 'इम्परेटर', म्हणजे सम्राट, असं नाव दिलं. पुढे १८०१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या ग्रंथात गडद निळा, पांढऱ्या वर्तुळांचा 'निकोबारिएन्सिस' वेगळी जात म्हणून आला. प्रत्यक्षात ते सम्राटाचंच पोर! रंग वेगळा असला की मोठे मासे पिल्लाला आपल्या हद्दीतून हाकलत नाहीत, असं मानतात. पिल्लू कपारीखाली दडतं, मोठा मासा प्रवाळाच्या बाहेरच्या उतारावर, गुहांजवळ फिरतो. म्हणजे 'कुठे दिसला?' हेही विचारायला हवं.

असो. नियमाने आधीचं नाव टिकलं, निकोबारचं गेलं.