फुकटाचा जमाखर्च

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे आला होता. फराळाचे ताट पुढे, पण डोळे मोबाइलच्या पडद्यावर! तिथे एक गुबगुबीत पक्षी बेचकीतून सुटे, फळ्यांच्या मनोऱ्यावर आदळे आणि मनोरा कोसळे. मी सहज डोकावलो आणि पाहतच राहिलो. फळीला टोकाशी धक्का लागला तर ती गरगर फिरे. मधोमध लागला तर सरळ मागे सरके. शाळेतील फळ्यावर खडूने रेघोट्या ओढून जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते इथे बिनबोभाट चालले होते.

“काय रे, ह्या पक्ष्याला न्यूटन कुणी शिकवला?” मी विचारले.

“मामा, आत फिजिक्स इंजिन असतं. तयार मिळतं ते. तेही फुकट!”

माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकला जिथे थांबले तिथेच अजून उभे आहे. पण ‘फुकट’ हा शब्द ऐकून मी चमकलो. हे इंजिन बनवणाऱ्यांची चूल पेटते कशावर? ह्या एका प्रश्नापायी माझी सगळी सुट्टी खर्ची पडली. तिची मिळकत वाचकांपुढे ठेवतो.

हे इंजिन म्हणजे काही लोखंडी यंत्र नव्हे. ती संगणकाला दिलेल्या आज्ञांची एक जंत्री. खेळातील प्रत्येक वस्तूचे वजन, वेग आणि जागा ती ध्यानात ठेवते. एका सेकंदात बहुधा साठ वेळा ती हिशेब करते : कोण कुठे सरकले, कोण कुणावर आपटले, कोण किती उसळले. हे गणित बिनचूक आणि झटपट करणे मोठे जिकिरीचे. प्रत्येक खेळकर्त्याने ते मुळापासून मांडायचे म्हटले तर खेळ बाजूलाच राहायचा. म्हणून तयार गणित विकण्याचा धंदा निघाला.

ह्या धंद्यातले एक मोठे नाव ‘हॅवॉक’. १९९८ साली आयर्लंडमधील डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या ह्यू रेनॉल्ड्स आणि स्टीव्हन कॉलिन्स ह्या दोघांनी ही कंपनी काढली. त्यांचा व्यवहार वाण्यासारखा रोखठोक : परवाना घ्या, पैसे मोजा. ‘हाफ-लाइफ २’ ह्या २००४ सालच्या गाजलेल्या खेळात पिंपे गडगडतात आणि फळ्या तरंगतात, ती हॅवॉकच्याच गणितावर.

पण तिकडे कॅलिफोर्नियात ‘एजिया’ नावाच्या कंपनीला निराळी युक्ती सुचली. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातून निघालेली एक लहान कंपनी तिने २००४ साली विकत घेतली आणि तिच्या गणिताला पुढे ‘फिजएक्स’ हे नाव दिले. हे गणित खेळकर्त्यांना फुकट, आणि ते भराभर करणारे खास कार्ड मात्र खेळणाऱ्यांना विकत! पणती फुकट वाटायची आणि तेल विकायचे, असा हा बेत. २००६ साली कार्डे बाजारात आली. परंतु तेल खपेना. कार्ड थोड्यांकडेच, म्हणून खेळकर्ते त्याच्यावाचून अडेल असे काही खेळात घालीनात. फार तर थोडा जादा धुरळा उडवीत. आणि नुसत्या धुरळ्यासाठी कार्ड कोण घेणार? शेवटी फेब्रुवारी २००८ मध्ये चित्रकार्डे बनवणाऱ्या ‘एनव्हिडिया’ने एजियाच विकत घेतली. तेच गणित तिने आपल्या चित्रकार्डांवर चालते केले. ही कार्डे लोक एरवीही घेतच होते. त्यांना आता आणखी एक आकर्षण जोडले गेले. पणती पूर्वीचीच, तेलाचे दुकान तेवढे बदलले.

आता दुसऱ्या बाजूचा डाव पाहा. सप्टेंबर २००७ मध्ये ‘इंटेल’ने हॅवॉक घेतली होती. इंटेलचा माल म्हणजे संगणकाचा मुख्य प्रोसेसर. गणित चित्रकार्डावर गेले तर आपल्या मालाची मातब्बरी कमी होणार, आणि प्रोसेसरवरच राहिले तर टिकणार, हे तिला उमगले नसेल तरच नवल! २००८ साली घरगुती संगणकांसाठी बिनव्यापारी वापराला हॅवॉक फुकट मिळू लागले. बड्या व्यापारी खेळांचा परवाना मात्र पैशांचाच राहिला. पुढे २०१५ साली हॅवॉक ‘मायक्रोसॉफ्ट’कडे गेली. डिसेंबर २०१८ मध्ये एनव्हिडियाने तर फिजएक्सची मूळ संहिताच खुली केली. कुणीही घ्यावी, बदलावी, वापरावी. गल्ला दुसरीकडे भरत असला की माणसाला उदार होणे किती सोपे जाते!

मग ज्याच्याकडे विकायला कार्डही नाही आणि प्रोसेसरही नाही, त्याने काय करावे? हॅवॉकमध्ये पूर्वी काम केलेल्या एर्विन कूमन्स ह्यांनी ‘बुलेट’ नावाचे इंजिन रचले आणि खुले ठेवले. त्यांची कमाई नोकरीची. सोनी, एएमडी, गूगल अशा मोठ्या घरांनी त्यांना क्रमाने पदरी ठेवले. ह्याच बुलेटसाठी २०१५ साली त्यांना ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. म्हणजे फुकट दिलेल्या वस्तूने इथे नाव दिले, आणि नावाच्या मागोमाग भाकरी आली.

पण नावच हरवले तर?

माझ्या भाच्याच्या पक्ष्यांची कथा अशीच आहे. एरिन कॅटो ह्यांनी २००६ साली खेळकर्त्यांच्या परिषदेतील व्याख्यानासाठी एक छोटे इंजिन लिहिले. तेच पुढे ‘बॉक्सटूडी’. परवाना फुकट, आणि नाव छापण्याचीही सक्ती नाही. २००९ साली फिनलंडच्या ‘रोव्हिओ’ने त्यावर ‘अँग्री बर्ड्‌स’ उभा केला आणि पक्षी जगभर उडाले. २०११ साली सान फ्रान्सिस्कोच्या परिषदेत रोव्हिओचे गृहस्थ आपल्या यशाची कहाणी सांगत होते. श्रोत्यांतून एकाने विचारले, “कोणते इंजिन वापरले?” उत्तर आले, “बॉक्सटूडी.” “मग त्याच्या कर्त्याचा नामोल्लेख कराल का?” वक्त्याने होकार दिला. तेव्हा त्या श्रोत्याने आभार मानले आणि सांगितले, तो कर्ता मीच, एरिन कॅटो.

हे वाचले आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. काही वर्षांपूर्वी मुलांच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक एकांकिका लिहिली होती. ज्याने मागितली त्याला वही दिली; पैशाची गोष्ट काढली नाही. पुढे एका परगावच्या मंडळाने ती बसवली. मी तिसऱ्या रांगेत होतो. पडदा उघडण्यापूर्वी निवेदकाने नटांची, पेटीवाल्याची, मांडववाल्याचीसुद्धा नावे घेतली. लेखकाचे घेतले नाही. टाळ्या पडल्या तेव्हा मीही वाजवल्या. उठून उभे राहावे असे फार वाटले, पण पाय उचलले नाहीत.

घरी येऊन मी बायकोला सांगितले, “प्रयोग छान झाला.”

“तुमचं नाव घेतलं का?” तिने विचारले.

“ती वही फुकटच दिली होती,” मी म्हणालो.

आता वाटते, ते उत्तर चुकले होते. मी पैसे सोडले होते. नाव कुठे सोडले होते?