क कमळाचा आणि मेरीबाईंची गोष्ट



आमच्या गटात सही शिकायला बसलेल्या बायका सुरुवातीला हमखास म्हणतात, “आता या वयात कुठलं डोक्यात शिरतंय!” मग आम्ही विचारतो, ‘क’ कशाचा? शाळेची पायरी न चढलेलीही पोरांचं ऐकून ऐकून सांगते, “कमळाचा.” अक्षर चित्राचा हात धरून आलं, म्हणून राहिलं.

अशा जोड्या मनात कशा बसतात, हे तपासायची रीत एका बाईने काढली. मेरी कॅल्किन्स त्यांचं नाव. अमेरिकेतल्या वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात त्या शिकवत. १८९० साली मानसशास्त्र शिकायला त्या हार्वर्ड विद्यापीठात गेल्या. तिथे बायकांना प्रवेश नव्हता. खूप अर्जविनंत्या झाल्यावर पाहुणी म्हणून वर्गात बसू दिलं.

त्यांनी प्रयोग केला तो असा : एक रंग दाखवायचा, लगेच एक आकडा. अशा बऱ्याच जोड्या झाल्या की नुसते रंग दाखवून आकडा विचारायचा. काही आकडे ठळक केले, काही जोड्या पुन्हा पुन्हा दाखवल्या. ठळकपणाचा उपयोग झाला. पण सगळ्यात भरवशाची ठरली ती पुनरावृत्ती.

१८९५ मध्ये परीक्षकांनी त्यांना डॉक्टरेटला पात्र ठरवलं. हार्वर्डने पदवी दिली नाही, कारण त्या बाई होत्या. पुढे हार्वर्डशी जोडलेल्या मुलींच्या कॉलेजाची पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. जिथे शिकलो तिथलीच हवी! १९०५ मध्ये अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

जोडी मेंदूत बांधली कुठे जाते, हे कळायला आणखी काळ गेला. १९५३ साली फिट्स थांबवण्यासाठी हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूचे दोन्ही बाजूंचे काही आतले भाग काढले. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग गेला. कॅनडातल्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला तपासलं. बोलणं, बुद्धी, बालपणीच्या आठवणी शाबूत होत्या. पण नव्या शब्दांची जोडी काही केल्या टिकेना. पाहिलेलं आणि ऐकलेलं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी उमटतं. त्यांची गाठ मारायला हिप्पोकॅम्पस लागतो, हे त्यातून उमगत गेलं.

आजही स्मरणशक्ती तपासताना शब्दांच्या जोड्या देतात. रीत मेरीबाईंचीच.

तेव्हा मैत्रिणींनो, एकदा वाचून अक्षर विसरलं तर डोक्याला बोल लावू नका. चित्र झाका, आठवा, चुकलं तर पुन्हा बघा. गाठ एका फेऱ्यात पक्की होत नाही.