जमिनीवर बसलेली व्हेन्नी

१८८७ साली पॅरिसच्या सालों प्रदर्शनात एक व्यक्तिचित्र लागले. चित्रकार होती तेवीस वर्षांची हान्ना हिर्श, स्टॉकहोमच्या एका ज्यू संगीत-प्रकाशकाची मुलगी. चित्रातली व्यक्ती व्हेन्नी सोल्डान, हेलसिंकीची, स्वतः चित्रकार आणि शिल्पकार. दोघी पॅरिसमध्ये एकाच स्टुडिओत काम करीत. आज हे चित्र स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या कलासंग्रहालयात आहे.

व्हेन्नी उघड्या जमिनीवर पाय पसरून बसली आहे. अंगात साधा काळा पोशाख, हातात मातीचा गोळा, ओठ किंचित विलग. स्वीडनमधील काही समीक्षकांना ही बैठक स्त्रीला न शोभणारी वाटली. आपल्याकडच्या वाचकाला यात वावगे काय ते चटकन कळणार नाही. पंगत, भजन, निवडणे-टिपणे, आपले सारे जमिनीवरच. पण युरोपातील सुस्थित घरातली बाई बसे ती खुर्चीवर, आणि तिचे चित्र काढायचे तर ती खुर्चीही नक्षीदार हवी. जमिनीवर बसणारे मूल तरी असे, नाहीतर मजूर. व्हेन्नीच्या बैठकीने घातलेला घाव त्या काळात समजून घ्यावा लागतो.

या चित्राची ओळख बहुधा ‘बंडखोर चित्र’ अशी करून देतात. ती खोटी नाही, पण मला अपुरी वाटते. बंड करणाऱ्या माणसाला समोर कोणीतरी प्रेक्षक लागतो. व्हेन्नीच्या चेहऱ्यावर तशी जाणीव दिसत नाही. काम करता करता हात थांबला आहे, मनातला विचार ओठांपर्यंत आला आहे, आणि समोर आहे ती रोजची सोबतीण. हातातल्या गोळ्याला अजून आकार आलेला नाही. पूर्ण झालेले शिल्प शेजारी ठेवून कलावंताचे मोठेपण सांगण्याची रूढ रीत हान्नाने टाळली. तिने आकार येण्याच्या आधीचा क्षण निवडला. तो क्षण बाहेरच्या माणसाला ‘काही चाललेले नाही’ असाच वाटतो. त्याच धंद्यातल्या माणसाला मात्र कळते, की खरे काम तेव्हाच चाललेले असते.

चित्राचा आकारही पाहण्याजोगा आहे. सुमारे सव्वा मीटर उंच आणि त्याहून थोडे अधिक रुंद. व्यक्तिचित्र सहसा उभट असते. इथे पसरलेल्या पायांना आणि भोवतीच्या मोकळ्या जमिनीला जागा हवी होती. मी भिंतीवर सुतळीने तेवढा चौकोन आखून पाहिला, तेव्हा ध्यानात आले की व्हेन्नी जवळजवळ हाडामांसाच्या बाईएवढीच दिसत असणार.

ही मोकळीक सहज मिळालेली नव्हती. स्टॉकहोमच्या राजकीय कला अकादमीने स्त्रियांसाठी वर्ग उघडला १८६४ साली, म्हणजे हान्नाच्या जन्मवर्षी. पॅरिसच्या सरकारी एकोल दे बोझारची दारे तर १८९७ पर्यंत स्त्रियांना बंद होती. म्हणून या मुली आकादेमी कोलारोस्सीसारख्या खासगी शाळांत शिकल्या. भाडे वाटून घेतलेली खोली हीच त्यांची अकादमी, आणि मैत्रीण हीच हक्काची मॉडेल. अशा खोलीत दुसरीचे काम नीट पाहणे म्हणजे स्वतःचेही पाहणे. हान्नाने स्वतःला चित्रात कुठेही ठेवलेले नाही. तरीही चित्रकार म्हणून जगू पाहणाऱ्या तरुणीचे आयुष्य कसे असते, हे तिने इथे जितके उघड केले, तितके आत्मचित्रातही क्वचित होते.

त्याच वर्षी तिचे चित्रकार गेऑर्ग पाउली यांच्याशी लग्न झाले आणि ती हान्ना पाउली झाली. व्हेन्नीने १८९१ मध्ये फिनिश लेखक युहानी आहो यांच्याशी विवाह केला. आहो यांचे मूळ आडनाव ब्रोफेल्ट. कलेतिहासात ती सोल्डान-ब्रोफेल्ट म्हणून नोंदली गेली. दोघींनी पुढेही काम सोडले नाही. हान्नाच्या ‘मित्र’ या मोठ्या चित्रात एलेन के दिव्याच्या उजेडात वाचून दाखवते आणि मंडळी ऐकतात. 

संग्रहालये आज दोघींची नंतरची नावे लिहितात, सूचीच्या सोयीसाठी ते योग्यच. पण चित्र सालोंमध्ये लागले तेव्हा त्या हिर्श आणि सोल्डान होत्या. कोणाची तरी पत्नी म्हणून ओळख होण्याआधी दोन मुलींनी एकमेकींना कलावंत म्हणून ओळखले होते. हे चित्र त्या ओळखीचा पुरावा आहे.